एकाच तारखेला घडलेल्या ऐतिहासिक घटना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिनविशेष वाचायला सगळ्यांनाच आवडतं, पण एका तारखेखाली चार-पाच मोठ्या घटना दिसल्या की लगेच तेच ते प्रश्न येतात, हा योगायोग का, कुणी ठरवून केलं का, तारीख तरी खरी आहे का. ते सगळे इथे एकत्र घेतलेत. माझं म्हणणं एवढंच की तारीख जुळली म्हणून तिथेच थांबू नका, ती का जुळली ते शोधा, खरा इतिहास तिथून पुढे सुरू होतो.

प्रश्न : एकाच तारखेला इतक्या मोठमोठ्या घटना कशा काय घडतात?

कारण तारखा कमी आणि घटना भरपूर. २९ फेब्रुवारी धरून वर्षात ३६६ तारखा, आणि लिहून ठेवलेला इतिहास शेकडो वर्षांचा, त्यामुळे कुठलीही तारीख उचला, तिच्यावर पाच-दहा मोठ्या गोष्टी सापडणारच. गणितातलं ते वाढदिवसाचं कोडं माहीत असेल, एका खोलीत फक्त २३ माणसं असली तरी त्यातल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, आणि ५७ माणसं झाली की ती ९९ टक्क्यांवर जाते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बघा ना, जेम्स पोक २ नोव्हेंबर १७९५ चे आणि वॉरन हार्डिंग २ नोव्हेंबर १८६५ चे. इतक्या लोकांत एक तरी जोडी निघणं हे साहजिकच आहे. पण तुमच्याच वाढदिवसाला जन्मलेलं कुणी हवं असेल तर मात्र निम्म्या शक्यतेसाठी २५३ माणसं लागतात. कुठलीही जोडी चालेल म्हणणं आणि हीच तारीख हवी म्हणणं यात एवढा फरक आहे, आणि बहुतेकांची गल्लत नेमकी इथेच होते.

प्रश्न : म्हणजे सगळं योगायोगच का?

नाही हो, अजिबात नाही. तारीख जुळण्याची मला तरी चार कारणं दिसतात. एक म्हणजे निखळ योगायोग. दुसरं, आधीची घटना मनात धरून कुणीतरी मुद्दाम तोच दिवस निवडलेला असतो. तिसरं, त्या दिवशी सण, जयंती, समारंभ असल्याने लोक आधीच जमलेले असतात आणि पुढची घटना त्यातूनच घडते. आणि चौथं म्हणजे तारीख जुळलेलीच नसते, दोन वेगळ्या कॅलेंडरमधले आकडे शेजारी ठेवल्याने नुसतं तसं वाटतं. खालची सगळी उदाहरणं याच चारपैकी कशात ना कशात बसतात, काही तर एकदम दोन-तीन प्रकारांत.

प्रश्न : मुद्दाम निवडलेल्या तारखेचं पक्कं उदाहरण द्या.

२ डिसेंबर. नेपोलियनने १८०४ साली याच दिवशी पॅरिसच्या नोत्र दाममध्ये सम्राटपदाचा मुकुट घातला, बरोबर एक वर्षाने २ डिसेंबर १८०५ ला ऑस्टरलिट्झची त्याची सगळ्यात गाजलेली लढाई जिंकली, आणि पुढे त्याच्या पुतण्याने, लुई नेपोलियनने, सत्ता बळकावायला दिवस कुठला धरला तर २ डिसेंबर १८५१, आणि साम्राज्याची घोषणा पुन्हा २ डिसेंबर १८५२ ला. काकाची पुण्याई पदरात पाडून घ्यायची होती, तारीख त्यासाठीच.

आपल्याकडे २६ जानेवारी तशीच. काँग्रेसच्या लाहोर अधिवेशनानंतर २६ जानेवारी १९३० ला देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली, पुढे दरवर्षी तो दिवस स्वातंत्र्यदिन म्हणूनच पाळत होते, आणि मग १९४७ ला स्वातंत्र्य आलं ते ऑगस्टमध्ये. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ लाच स्वीकारली गेली होती, नागरिकत्व आणि निवडणुकीसारखी काही कलमं त्याच दिवशी लागूही झाली, पण बाकीची घटना लागू करायला दोन महिने थांबले, म्हणजे १९३० च्या त्या दिवसाचा मान राहावा. योगायोग बिलकुल नाही.

प्रश्न : १५ ऑगस्टला तर किती देशांच्या किती गोष्टी आहेत, ते कसं?

ही तारीख जरा सावकाश सोडवावी लागते. १५ ऑगस्ट १९४५ ला जपानच्या सम्राटाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली, त्यामुळे कोरिया जपानच्या ताब्यातून सुटला आणि दोन्ही कोरियांत तो मुक्तिदिन झाला, आणि १९४८ साली दक्षिण कोरियाने आपलं सरकार स्थापन झाल्याची घोषणाही मुद्दाम याच दिवशी केली. आता माउंटबॅटन महायुद्धात आग्नेय आशियातल्या दोस्त सैन्याचे सरसेनापती होते, त्यांनी नंतर स्वतःच सांगितलंय की भारताच्या सत्तांतराची तारीख विचारली तेव्हा जपानच्या शरणागतीचा दुसरा वार्षिक दिवस म्हणून १५ ऑगस्ट डोक्यात आला. म्हणजे टोकियो, सोल आणि दिल्ली एकाच धाग्यात आहेत.

पण त्याच यादीत श्री अरविंदांचा जन्म १८७२ चा, नेपोलियनचा १७६९ चा, पनामा कालवा १९१४ ला खुला झाला, १९७१ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलर आणि सोन्याची गाठ सोडली, १९७५ ला ढाक्यात शेख मुजीबुर रहमान यांची हत्या झाली, २०२१ ला काबूल तालिबानच्या हातात गेलं. यातल्या जन्मांचा आणि कालव्याचा बाकी कशाशी संबंध जोडू नका, ते योगायोगाने शेजारी आलेत इतकंच.

प्रश्न : पाकिस्तानचा दिवस १४ ऑगस्ट मग वेगळा कसा?

ब्रिटिश संसदेच्या कायद्यात दोन्ही देशांसाठी १५ ऑगस्टच लिहिलंय, आणि पाकिस्तानने १९४८ ला काढलेल्या पहिल्या स्मारक तिकिटांवरही १५ ऑगस्ट १९४७ असंच छापलंय. १४ हा दिवस नंतर रूढ केला गेला, कराचीतला समारंभ माउंटबॅटन यांच्या उपस्थितीत १४ ला झाला होता.

प्रश्न : एकाच देशाच्या नशिबी एकच तारीख पुन्हा पुन्हा आली असं कुठे झालंय का?

जर्मनी आणि ९ नोव्हेंबर. मला विचाराल तर या विषयातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण हेच. ९ नोव्हेंबर १९१८ ला कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची, सत्ता गेली आणि बर्लिनमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं. हिटलर आणि त्याच्यासारख्या लोकांच्या मनात हा दिवस अपमानाचा म्हणून बसला. १९२३ ला त्याने म्युनिकमध्ये उठाव केला, तो ८ च्या रात्री बीअर हॉलमध्ये सुरू झाला आणि ९ ला दुपारी पोलिसांच्या गोळीबारात मोडला. सत्तेत आल्यावर नाझी दरवर्षी म्युनिकमध्ये जमून त्यात मेलेल्यांचा स्मृतिदिन करायचे. आणि १९३८ ला नेमके असेच सगळे पुढारी जमलेले असताना पॅरिसमधल्या जर्मन अधिकाऱ्याच्या मृत्यूची बातमी आली, हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने तिथेच भडक भाषण केलं, आणि त्याच रात्री देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली, दुकानं फोडली, माणसं मारली. म्हणजे १९३८ ची ती भयानक रात्र १९२३ मुळे त्या तारखेवर आली.

मग १९८९. पूर्व जर्मनीचा प्रवक्ता शाबोव्स्की पत्रकार परिषदेत प्रवासाचे नवे नियम वाचत होता, कधीपासून लागू असं कुणीतरी विचारलं, कागद नीट वाचलेला नव्हता, तो म्हणाला माझ्या माहितीप्रमाणे ताबडतोब, आणि रात्रीत लोकांचे लोंढे बर्लिनच्या भिंतीवर. नियम खरं तर दुसऱ्या दिवसापासून लागू होणार होते! इथे तारखेचा जुन्या घटनांशी काहीच संबंध नाही, एका माणसाच्या घाईमुळे १० ऐवजी ९ झाली. आणि तरीही जर्मनीने राष्ट्रीय दिवस ठेवला तो ३ ऑक्टोबर, एकीकरणाचा. १९३८ च्या आठवणीवर फटाके उडवणं त्यांना पटणारं नव्हतं, आणि ते योग्यच आहे असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : सण किंवा समारंभामुळे तारीख जुळली असं काय आहे?

जालियनवाला बाग. १३ एप्रिल १९१९ ला बैसाखी होती, त्यामुळे अमृतसरला बाहेरगावचे लोक आलेलेच होते, त्यात बागेत सभा, आणि डायरने बाहेर पडायची वाट अडवून गोळीबार केला. खालसा पंथाची स्थापना गुरु गोविंदसिंगांनी १६९९ ला आनंदपूर साहिबला बैसाखीलाच केली होती, त्यामुळे दिनविशेषात दोन्ही घटना १३ एप्रिलला दिसतात. दिवस एकच हे खरं, पण १६९९ ची बैसाखी आजच्या कॅलेंडरने १३ एप्रिलच्या चार-पाच दिवस आधी येते. सण जुळतो, तारीख नाही.

पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या हत्येचं तसंच. २२ जून १८९७ ची रात्र चापेकर बंधूंनी निवडली कारण व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी गणेशखिंडीत होती आणि रँड तिथून परत येणार हे माहीत होतं.

प्रश्न : आणि अगदी निव्वळ योगायोग, ज्यावर विश्वास बसत नाही असा?

४ जुलै १८२६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला त्या दिवशी बरोबर ५० वर्षं झाली आणि तो लिहिणारा थॉमस जेफरसन आणि तो मंजूर व्हावा म्हणून झटलेला जॉन अ‍ॅडम्स, दोघेही माजी राष्ट्राध्यक्ष, दोघेही त्याच दिवशी गेले, काही तासांच्या अंतराने. जेफरसन ८३ वर्षांचे, अ‍ॅडम्स ९० चे. जेफरसन आदल्या रात्री अर्धवट शुद्धीत विचारत होते, चार तारीख लागली का. आणि पाच वर्षांनी आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो गेले तेही ४ जुलैलाच. यात अजून एक गोष्ट सांगायची राहू नये, स्वातंत्र्याचा ठराव प्रत्यक्षात २ जुलै १७७६ ला पास झाला होता आणि पुढच्या पिढ्या २ जुलै साजरा करतील असं अ‍ॅडम्सनेच बायकोला पत्रात लिहिलं होतं. ४ ही जाहीरनाम्याचा मजकूर मंजूर झाल्याची तारीख.

लिंकन आणि डार्विन दोघेही १२ फेब्रुवारी १८०९ चे, हीही निखळ जुळणी.

आणि मला सगळ्यात भिडणारी तारीख म्हणजे १ ऑगस्ट १९२०. मध्यरात्र उलटून गेल्यावर मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले, त्याच दिवशी गांधीजींचं असहकार आंदोलन सुरू झालं, आणि त्याच दिवशी वाटेगावला अण्णाभाऊ साठे जन्मले. तारीख पण तीच, साल पण तेच. असहकाराचा दिवस आधी जाहीर झालेला होता, टिळकांच्या जाण्याशी त्याचा संबंध नाही. एक पर्व संपतंय, दुसरं सुरू होतंय, आणि ज्याने पुढे गावकुसाबाहेरच्या माणसाला मराठी साहित्यात आणलं तो तेव्हा नुकता डोळे उघडतोय. यामागे काही कारण नाही हे मला माहितीय, तरी ती तारीख दिसली की दोन मिनिटं थांबायला होतं.

प्रश्न : ११ सप्टेंबरला फक्त वाईटच घडतं का?

मुळीच नाही. १८९३ ला विवेकानंदांचं शिकागोचं भाषण याच दिवसाचं, १८९५ ला विनोबा जन्मले, आणि १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमधल्या सभेत भारतीयांनी अन्यायी कायदा न पाळण्याची शपथ घेतली, गांधीजींच्या सत्याग्रहाची सुरुवात तिथून धरतात. पुढे १९४८ ला जिना गेले, १९७३ ला चिलीत लष्कराने राष्ट्राध्यक्ष अलेंदे यांचं सरकार उलथवलं, आणि २००१ तर सगळ्यांना माहीतच आहे. तारीख शुभ-अशुभ नसते, अलीकडची घटना जुन्यांना झाकून टाकते एवढंच होतं.

प्रश्न : शेक्सपियर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांटिस एकाच दिवशी गेले ना?

तारीख एक सांगतात, दिवस एक नव्हता. २३ एप्रिल १६१६ असं दोघांचंही लिहितात आणि युनेस्कोने १९९५ मध्ये जागतिक पुस्तक दिन त्यावरूनच ठरवला, पण स्पेनमध्ये तेव्हा नवं ग्रेगोरियन कॅलेंडर होतं आणि इंग्लंडमध्ये जुनं ज्युलियन. शेक्सपियरचा २३ एप्रिल म्हणजे स्पेनच्या हिशोबाने ३ मे, आणि सर्व्हांटिस तर २२ ला गेले, २३ ला दफन झालं. शेक्सपियर जन्मले आणि वारले एकाच तारखेला हेही पक्कं नाही, नोंद आहे ती २६ एप्रिल १५६४ च्या बाप्तिस्म्याची, जन्म २३ चा ही परंपरा.

प्रश्न : हे जुन्या-नव्या कॅलेंडरचं नेमकं काय प्रकरण आहे?

ज्युलियन वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा साधारण ११ मिनिटं मोठं होतं, ती साचत साचत सोळाव्या शतकापर्यंत १० दिवसांचा फरक झाला. पोप ग्रेगरीने १५८२ ला ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर केला. इटली, स्पेन, पोर्तुगाल लगेच बदलले, ब्रिटन १७५२ ला बदललं, तिथे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ आली, आणि रशियात १९१८ ला ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी. म्हणून रशियाची ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरमध्ये येते, जुनी २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे नवी ७ नोव्हेंबर. क्रांतीचा नेता ट्रॉट्स्की याचा वाढदिवसही ७ नोव्हेंबर, पण ही जुळणी फक्त नव्या कॅलेंडरची, कारण एकोणिसाव्या शतकात फरक १२ दिवसांचा होता आणि १९१७ ला १३ चा, त्यामुळे जुन्या कॅलेंडरने त्याचा जन्म २६ ऑक्टोबर १८७९ चा, म्हणजे क्रांती वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

त्यात भर म्हणजे इंग्लंडचं कायदेशीर वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला सुरू व्हायचं. शिवाजी महाराजांनी सुरतेवर छापा घातला तो जानेवारी १६६४ मध्ये, पण सुरतेतल्या इंग्रजांच्या हिशोबाने १६६३ अजून संपलंच नव्हतं.

प्रश्न : गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला हे खरं का?

इथेही तीच गडबड. गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ ला गेला ही इटलीची नवी तारीख, न्यूटन २५ डिसेंबर १६४२ ला जन्मला ही इंग्लंडची जुनी. न्यूटनची नव्याने मोजली तर ४ जानेवारी १६४३ येते, म्हणजे वर्षच बदललं. पण स्टीफन हॉकिंग ८ जानेवारी १९४२ ला जन्मले, गॅलिलिओच्या मृत्यूला बरोबर ३०० वर्षं झाल्यावर, ते मात्र खरं आहे. ते स्वतःच म्हणायचे की त्या दिवशी आणखी साधारण दोन लाख बाळं जन्मली असतील. आणि गेले १४ मार्च २०१८ ला, आइनस्टाइनच्या जन्मतारखेला.

प्रश्न : शिवाजी महाराजांच्या तारखांवर याचा परिणाम होतो का?

होतो, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. त्यांच्या जन्माच्या फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, या तिथीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन आहे, ग्रेगोरियनने तोच दिवस १ मार्च १६३०. राज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ ज्युलियन आणि १६ जून ग्रेगोरियन. इंग्रज जुनी तारीख लिहायचे, गोव्याचे पोर्तुगीज नवी, त्यामुळे एकाच घटनेच्या कागदांत दहा दिवसांचं अंतर दिसलं तर दोघांपैकी कुणी चुकलाय असं समजू नका. आणि ६ जूनला दुसऱ्या महायुद्धातलं १९४४ चं दोस्तांचं नॉर्मंडीचं आक्रमण शेजारी ठेवून जुळणी दाखवतात ती आकड्यांची जुळणी आहे, दिवसाची नाही.

प्रश्न : पानिपतची तिसरी लढाई संक्रांतीला झाली ना?

लढाई १४ जानेवारी १७६१ ची, पौष शुद्ध अष्टमी. हल्ली संक्रांत १४-१५ जानेवारीला येते म्हणून सगळे तसं धरतात. पण आपली संक्रांत नक्षत्रांच्या हिशोबाने मोजली जाते, ती इंग्रजी कॅलेंडरमध्ये साधारण ७० वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. विवेकानंद १२ जानेवारी १८६३ ला जन्मले तो दिवस मकर संक्रांतीचा होता. तसंच मागे मोजत गेलं की १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते, म्हणजे लढाईच्या आधीच होऊन गेलेली. संक्रांत कोसळली हा शब्दप्रयोग पानिपताला चपखल बसतो म्हणून ही समजूत घट्ट झाली.

प्रश्न : एकाच घटनेच्या दोन तारखा दिसतात, कुठली धरायची?

जिथे घडली तिथली, आणि सोबत जागा लिहा. पर्ल हार्बरचा हल्ला हवाईत ७ डिसेंबर १९४१, जपानमध्ये तेव्हा ८ उजाडली होती. जर्मनीची शरणागती पश्चिम युरोपात ८ मे, मॉस्कोत मध्यरात्र उलटून गेल्याने ९ मे. चंद्राचं सगळ्यात अवघड, यान २० जुलै १९६९ ला उतरलं, आर्मस्ट्राँगचं पाऊल अमेरिकेत २० च्या रात्री पडलं पण ग्रिनिचच्या वेळेने २१ च्या पहाटे आणि भारतात २१ च्या सकाळी.

प्रश्न : २९ फेब्रुवारीचं काय?

मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. १९०० ला शंभराने भाग जातो, चारशेने जात नाही, म्हणून ते लीप वर्ष नव्हतं आणि त्यांचा खरा पहिला वाढदिवस थेट १९०४ ला आला, आठ वर्षांनी.

प्रश्न : लिंकन-केनेडी साम्याची ती यादी खरी का?

हत्या झालेल्या या दोन अमेरिकी राष्ट्राध्यक्षांमधली अजब साम्यं सांगणारी एक यादी फिरत असते, ती अर्धी खरी. दोघांवर गोळी शुक्रवारी झाडली गेली हे खरं, केनेडींच्या सेक्रेटरीचं आडनाव लिंकन होतं हेही खरं. पण लिंकनचा सेक्रेटरी केनेडी नावाचा होता ही थाप आहे, त्यांचे सेक्रेटरी होते जॉन निकोले आणि जॉन हे (Hay). अशा यादीत खऱ्यात एक खोटं मिसळलेलं असतं, म्हणून प्रत्येक ओळ वेगळी तपासा.

प्रश्न : एकाच दिवशी दोन मोठ्या बातम्या आल्या तर?

एक हरवते. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. त्याच दिवशी इंग्लंडमध्ये लेखक सी. एस. लुईस गेले आणि लॉस एंजेलिसमध्ये आल्डस हक्सले. दोघेही जगभर वाचले जाणारे, दोघांचीही बातमी केनेडींच्या बातमीखाली दबून गेली, आणि या तिघांची नावं आता एकत्र घेतली जातात ती फक्त त्या तारखेमुळे.